लाईट गेल्यावर चालणारा माग

(1996 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : "पावसाची रात्र आहे, लोक कांदाभजी खाऊन सुस्तावलेले असतील, तू शाळेत भुताच्या गोष्टी सांगायचीस, तर पंधरा-वीस मिनिटं सांग." मी हो म्हणाले. मग घरी जाऊन विचार केला आणि दोन रात्री झोप लागली नाही. भुतामुळे नाही. कशामुळे, ते शेवटी कळेल.

आधी भुतांची हजेरी घेऊ. आपल्या लहानपणी कामतघरात प्रत्येकाची जागा ठरलेली होती. पिंपळावर मुंजा. वऱ्हाळा तलावात गिऱ्हा, म्हणजे बुडून मेलेल्याचं भूत; ते काठावरच्या माणसाला ओळखीच्या आवाजात हाक मारतं आणि हाकेला ओ दिली की संपलं. म्हणून तलावाच्या बाजूने येताना कुणी हाक मारली तरी तीन वेळा मारेपर्यंत वळायचं नाही, असा नियम होता. या नियमामुळे माझी आई मला रोज तीन हाका मारायची आणि तिसऱ्या हाकेला धपाटा यायचा. देवीचं देऊळ तलावाशीच असल्याने गिऱ्हाची हद्द देवळापर्यंतच, त्यापुढे त्याला परवानगी नाही. हे सगळं इतकं शिस्तीत होतं की नगरपालिकेने वॉर्ड पाडून दिले असावेत असं वाटायचं.

आणि चकवा. माझे आजोबा सांगायचे, काल्हेरच्या बाजूला तेव्हा सगळी भातशेती, अमावस्येच्या रात्री माणूस बांधाबांधाने निघाला की पहाटेपर्यंत एकाच खाचराभोवती फिरत राहायचा. आम्ही हसायचो. 2009 साली जर्मनीतल्या ट्युबिंगन इथल्या संशोधकांनी माणसांना एका मोठ्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसने त्यांची वाट नोंदवली. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलं, चंद्र मावळला, की वळू लागली, आणि जंगलात तर गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडून गेली. आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. म्हणजे आजोबांचा चकवा खरा होता, फक्त तो बांधावर नव्हता, माणसाच्या डोक्यात होता. आता त्या खाचरांवर गोदामं आहेत. चकवा अजून लागतो, पण तो माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्यांना, आणि त्याचं खापर गुगल मॅपवर फुटतं.

तुमच्यापैकी इतिहासाच्या तासाला जागे असणाऱ्यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन आठवत असेल. 1909 साली अनंत कान्हेऱ्यांनी ज्याला गोळी घातली तो. हा माणूस लोककथा गोळा करायचा, हे आपल्या पुस्तकात नव्हतं. त्याच्या प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवली ती गावोगावच्या शाळामास्तरांनी. आमच्याकडे कोणती भुतं आहेत, कुठे राहतात, काय खातात, कशी उतरवतात, सगळं. तो गेल्यावर एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्याने ती टिपणं छापली. कोकणचा भाग, ज्यात आपला ठाणे जिल्हा येतो, 1915 साली निघाला. आपल्या सरांना अशी सरकारी प्रश्नावली आली असती तर त्यांनी मागच्या बाकाकडे बोट दाखवून "नमुने जोडले आहेत" असं लिहिलं असतं.

मी ती टिपणं वाचली तेव्हा एक गोष्ट खटकली. पुरुषांची भुतं नाना प्रकारची आहेत, काही तर गावाची राखण करणारी, मान घेणारी. बायकांची भुतं पाहा. अलवंत, म्हणजे बाळंतपणात गेलेली. लावसट, म्हणजे विधवेचं भूत. हडळ, जखीण. जी बाई जिवंतपणी कुणाच्या हिशेबात बसली नाही, तिला मेल्यावर एक नाव मिळालं. ही यादी वाचताना मला एका बाईची आठवण झाली. ती मेलेली नव्हती.

आता 1995 च्या पावसाळ्यात चला. आपण दहावीत. केबलवर झी हॉरर शो चालू होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याचं ते सुरुवातीचं संगीत वाजलं की आमच्या चाळीतली अर्धी पोरं चादरीत. मी वाचनालयातून नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आणून वाचायचे, आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिखटमीठ लावून सांगायचे. धारपांच्या गोष्टी मी किती बिघडवल्या याचा हिशेब नाही. पण ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे झाले की जे वाटायचं, ते मला नंतर कुठल्याही प्रमोशनमध्ये वाटलेलं नाही.

भिवंडीत भुताला पोषक असं एक कारण होतं, जे इतर गावांना नव्हतं. आपल्या गावात शांतता नव्हती. माग चोवीस तास चालायचे. धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे, आणि असे शेकडो माग एका गल्लीत. आपण त्या खडखडाटात जन्मलो, त्यात झोपलो, त्यात पाढे पाठ केले. बाहेरगावचा पाहुणा डोकं धरून बसायचा आणि आपण विचारायचो, कसला आवाज? भिंतीला हात लावला तर भिंत थरथरायची. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला व्हिक टँडी नावाच्या इंजिनिअरला प्रयोगशाळेत राखाडी आकृती दिसायची, अंगावर काटा यायचा. मग त्याला सापडलं की पंख्यामुळे सेकंदाला सुमारे 19 कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा आवाज तयार होतोय. त्याने 1998 साली त्यावर लेख लिहिला. सगळ्यांना तो पटलेला नाही. पण वाचल्यावर माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की मग कामतघरात भुतांची नुसती चेंगराचेंगरी व्हायला हवी होती.

आपल्याकडे उलटं होतं. आवाज चालू आहे तोवर कुणाला भीती नव्हती. लाईट गेली की सगळे माग एकदम थांबायचे, आणि ती शांतता अंगावर यायची. आठवते? दोन-चार सेकंद काहीच नाही. मग पाऊस ऐकू यायला लागायचा, पन्हाळीचं पाणी, कुणाचं तरी लहान मूल, लांबचं कुत्रं. जे एरवी कधीच ऐकू यायचं नाही ते सगळं. मोठी माणसं गॅलरीत येऊन वीज मंडळाला शिव्या घालायची आणि आपण कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसायचो.

तर त्या पावसाळ्यात मी एक गोष्ट रचली. रचली म्हणते, कारण ती धारपांची नव्हती, मतकरींची नव्हती, माझी होती. तलावाकडून येणाऱ्या गल्लीत एक बंद कारखाना होता, मालकांच्या भांडणात वर्षानुवर्षं कुलूप लागलेला. मी वर्गात सांगितलं की लाईट गेली, सगळे माग थांबले, की नीट कान देऊन ऐका. एक माग चालूच असतो. त्या बंद कारखान्यातला. तिथे एक बाई बसते, तिला संपवायचं कापड आहे आणि ते संपत नाही. कुणाचं कापड, असं कुणीतरी विचारलं. मी क्षणभर थांबून म्हणाले, जो तो आवाज तीन रात्री ऐकेल त्याचं.

दुसऱ्याच आठवड्यात रात्री लाईट गेली. तिसऱ्या दिवशी वर्गात चार जण पांढरे पडून आले होते. त्यांनी ऐकला होता. त्यांतले दोघे आज समोर बसलेत. एकाचं आता होजिअरीचं मोठं दुकान आहे, त्यामुळे मी बोट दाखवत नाही. खट-खट-खट, थोडा थांबून परत खट-खट-खट. आणि एकाने तर सावली पाहिली होती. कारखान्याच्या मागच्या बाजूला भिंतीवर, मोठी, मान खाली-वर हलवणारी.

मी काय केलं? मला माहीत होतं की हे मी रचलंय. मी म्हणाले, "सांगितलं होतं ना."

दीड महिन्याने गणपतीने दूध प्यायलं, 21 सप्टेंबरचा तो गुरुवार. देवळाबाहेरची रांग आठवत असेल. सकाळी दिल्लीकडे सुरू झालेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या देशात, आणि तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल नव्हता. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की ते दगडावरून खालीच ओघळतंय, पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढलं जातंय, पण तोवर देशातलं दूध संपलं होतं. तो दिवस संपताना आपण सगळे खूश होतो. कारण ती बातमी कुणाच्या दारात जाऊन थांबली नाही. माझी गोष्ट थांबली.

इथे मला थोडं पुढे यावं लागेल, म्हणजे गेल्या वर्षी. मेळाव्यासाठी नावांची यादी मी केली. दहावीच्या निकालावरून नावं उतरवली, आपल्या तुकडीची 52 झाली. मग कुणीतरी ग्रुपवर नववीतला वर्गफोटो टाकला. मी मोजली तर डोकी 53. माझ्या कामात आकडा एकने चुकला की आधी ती चूक शोधायची, मग जेवायचं, अशी सवय लागलेली आहे. फोटो मोठा करून पाहिला. दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी. दोन वेण्या, एक पुढे. चेहरा ओळखीचा, नाव आठवेना. ग्रुपवर विचारलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग एकाने लिहिलं, "अरे ती नाही का, भुताच्या घरातली."

ते वाचून तुमच्यापैकी सात जणांनी हसणाऱ्या बाहुल्या टाकल्या. मीही टाकली असती, पण माझा हात थांबला, कारण मला एकदम तो फोटोतला चेहरा बंद कारखान्याच्या मागच्या दारात उभा असलेला आठवला.

तिला शोधायला चार महिने लागले. ती अंबरनाथला असते. शिवणाचे क्लास चालवते, मुलगा डिप्लोमा करतोय. फोनवर माझं नाव सांगितलं तर म्हणाली, "हो, गोष्टीवाली." मी गेले. तिने पोहे केले होते. हे सगळं इथे सांगायला तिची परवानगी आहे, नाव सांगायला नाही, आणि ते मी सांगणार नाही.

ते लोक देशावरून आलेले. वडील एका कारखान्यात जॉबर होते, ते आपण आठवीत असताना गेले. कारखान्याच्या मागे पत्र्याची एक खोली भाड्याने होती, तिथे आई आणि ही दोन भावंडं. आई दिवसा दोन घरची कामं करायची आणि रात्री परकर शिवायची, डझनावर पैसे मिळायचे. पायाची मशीन. पायाच्या मशीनला लाईट लागत नाही. तुमच्या-आमच्या घरी लाईट गेली की काम थांबायचं. त्यांच्या घरी कंदील भिंतीशी ठेवून काम चालू राहायचं. एरवी तो आवाज मागांच्या आवाजात बुडून जायचा. माग थांबले की तेवढाच उरायचा. खट-खट-खट, शिवण वळवायला थोडं थांबायचं, परत खट-खट-खट. आणि कंदील मागे असल्यामुळे तिची सावली समोर भिंतीवर.

मी विचारलं, तू वर्गात का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "काय सांगणार? माझी आई रात्री परकर शिवते हे सांगायचं, की ती भूत नाही हे सांगायचं?"

गोष्ट वर्गातून घरांत गेली, घरांतून गल्लीत. दाराशी लिंबू आणि कुंकू पडायला लागलं. ब्लाउज टाकायला येणाऱ्या दोघी-तिघी दिवेलागणीनंतर यायच्या बंद झाल्या, मग दिवसाही. आधीच विधवा बाई, त्यात रात्री कंदिलाच्या उजेडात एकटी बसणारी. एन्थोवेनच्या यादीत तिची जागा तयारच होती. एकदा धाकट्या भावाला पोरांनी दगड मारला. मारणाऱ्याला वाटलं असेल, भुताच्या पोराला लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली. मी मान खाली घालून बसले होते, तर तीच म्हणाली, "सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस. त्याला खोली हवीच होती. तुझ्या गोष्टीने त्याला कारण सापडलं."

मार्चमध्ये आपण परीक्षेला बसलो तेव्हा ती उल्हासनगरला एका कारखान्यात जीन्सला बटणं लावत होती. दोन वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून तिने बाहेरून दहावी दिली. 61 टक्के. हा आकडा तिने मला दोनदा सांगितला आणि मी दोन्ही वेळा तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकला.

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. कुणाला भूत लागलंय म्हणून मारणं, कुणी करणी करते असं सांगून तिचं जगणं अवघड करणं, हा त्यात गुन्हा आहे. दाभोलकरांचा खून झाल्यानंतर चारच दिवसांत त्याचा अध्यादेश निघाला. मी तो कायदा अगदी कलमं लावून वाचला. मधल्या सुट्टीत सांगितलेली गोष्ट कुठल्या कलमात बसत नाही. बसायला हवी असंही मी म्हणत नाही. नाहीतर आपल्या सगळ्या आज्या आत जातील. पण मी तो कशासाठी वाचत होते हे मला माहीत आहे.

मी तिची माफी मागितली. तिने काही उत्तर दिलं नाही, चहा ओतला. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली. ती मशीन अजून तिच्या क्लासात आहे, पायाचीच; लाईट गेली तरी बायकांचा तास बुडत नाही, असं म्हणाली.

आता भुताची गोष्ट. संयोजकांनी तीच मागितली होती आणि मी अजून एकही सांगितलेली नाही.

मी निघाले तेव्हा तिथेही पाऊस लागला होता, म्हणून थांबले. ती म्हणाली, "एक विचारू? तुला ते कसं कळलं होतं?"

"काय?"

"कारखान्यातलं."

मी म्हणाले, अगं कळायचं काय, मी ते रचलं होतं, आणि तुझ्या आईच्या मशीनचा आवाज पोरांनी ऐकला, आत्ताच नाही का बोललो आपण. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सांगितलं.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला आई गावी गेली होती, दोन रात्री. आपण तेव्हा नववीत, म्हणजे माझ्या गोष्टीच्या आधीचा पावसाळा. ही आणि धाकटा भाऊ, दोघंच. मुलं मशीनशी खेळतील म्हणून आई जाताना चामड्याचा पट्टा काढून खिळ्याला अडकवून जायची. पट्ट्याशिवाय पायाची मशीन फिरत नाही. रात्री लाईट गेली. माग थांबले. पाऊस होता. भाऊ झोपला होता. हिने कंदील लावला आणि पट्टा खिळ्यावर आहे हे तिला समोर दिसत होतं. आणि भिंतीपलीकडून, बंद कारखान्यातून, एक माग चालू होता.

मी इंजिनिअर आहे. मी लगेच सुरू केलं : पत्र्यावर पडणारी धार असेल, वाऱ्याने हलणारा सैल पत्रा असेल, रोजचा आवाज एकदम थांबला की कान काही वेळ तोच शोधत राहतात. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "पाणी कसं वाजतं आणि धोटा कसा वाजतो, हे मला तू सांगतेस? माझा बाप जॉबर होता."

मग म्हणाली, "तू वर्गात सांगायला लागलीस तेव्हा मला वाटलं, हिनेही ऐकलाय. म्हणून मी तुला कधी काही बोलले नाही. एकटीनेच ऐकलेला नाही, याचं बरं वाटलं होतं."

ती मला घाबरवत होती का, मला कळलं नाही. तिचा तेवढा हक्क होता, आणि तिने तो तसा वापरला असेल तर गोष्ट सांगण्यात ती माझ्यापेक्षा पुढे आहे. पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. परत येताना मी मुद्दाम कामतघरावरून आले. तिथे आता सात मजली इमारत आहे, खाली पार्किंग. वॉचमनने विचारलं, कुणाकडे जायचंय. मी म्हणाले, कुणाकडे नाही.

यादीत आता 53 नावं आहेत. आज ये म्हणून तिला फोन केला होता. "या वेळी नको, पुढच्या वेळी बघू," म्हणाली. पुढच्या वेळी आली तर तिला घराबद्दल कुणी विचारायचं नाही, एवढं माझं सगळ्यांना सांगणं आहे. शिवणाबद्दल विचारा, त्यावर ती तासभर बोलते.

बाईंनी घड्याळाकडे दोनदा पाहिलंय. पाऊस वाढायच्या आत जेवून घेऊ या. आणि लाईट गेलीच, तर कृपा करून कुणीतरी मोठ्याने बोलत राहा.